४६ स्लाइड आणि एक बिल : आमच्या क्लाउड सेवेचा चार वर्षांनंतरचा लेखाजोखा

गेल्या महिन्यात आमच्या क्लाउड पुरवठादाराचा (म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा) माणूस तीन वर्षांच्या कराराचा मसुदा आणि ४६ स्लाइडचं सादरीकरण घेऊन आला. विषय होता 'व्यवसायांसाठी क्लाउडचं भविष्य'. मी कंपनीत हिशेब बघते. सर्व्हरशी माझा संबंध एवढाच, की त्यांचं बिल दर महिन्याला माझ्या टेबलावर येतं आणि चार वर्षांत एकही बिल मी न वाचता पुढे सरकवलेलं नाही. त्यामुळे हा अभिप्राय पैसे मोजणाऱ्या बाईचा आहे असं समजावं. इंजिनिअर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

पुरवठादाराचं नाव देत नाही. करार चालू आहे आणि भांडण उकरून काढायची इच्छा नाही. आमची कंपनी चाळीस माणसांची. मालवाहतूक करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो: गाडी कुठे आहे, माल कोणी उतरवून घेतला, पावती कुठे अडकली. महिनाभर काम संथ चालतं आणि शेवटच्या तीन दिवसांत सगळे एकदम अहवाल मागतात. असा चढउतार असणाऱ्यांनाच क्लाउडचा खरा फायदा होतो, आणि तो आम्हाला झाला हे आधीच कबूल करते. पूर्वी दोन सर्व्हर कपाटाएवढ्या खोलीत होते, आणि महिनाअखेरीला त्या खोलीचा एसी बंद पडला की आमचा धंदाही बंद पडायचा. गेल्या चार वर्षांत त्या कारणाने रात्रीचा फोन आलेला नाही.

आता बिलाबद्दल.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली तेव्हा पाच लक्षणं सांगितली होती. त्यातलं पाचवं म्हणजे वापर मोजून मिळणारी सेवा. मोजून मिळते हे खरं आहे. मापारी मात्र त्यांचाच असतो. आमच्या मार्चच्या बिलात २,३०० ओळी होत्या. सर्व्हरचे तास, डिस्कची जागा, डिस्कवर किती वेळा लिहिलं, एका झोनमधून (डेटा सेंटरच्या एका गटातून) दुसऱ्या झोनमध्ये किती डेटा गेला, बाहेर किती गेला, लॉग (प्रोग्राम ठेवतात त्या कामाच्या नोंदी) किती साठले, ते किती वेळा शोधले. पहिल्या वर्षी मी हे बिल छापून घेतलं होतं. पुन्हा ती चूक केली नाही.

वाचायला लागल्यावर एकेक गंमत बाहेर आली. सर्व्हर काढून टाकला तरी त्याला जोडलेली डिस्क आपोआप जातेच असं नाही. अशा बेवारस १७ डिस्क आम्ही चौदा महिने पोसत होतो. एका डेव्हलपरने चूक शोधायला लॉग सविस्तर केले, चूक सापडली, लॉग तसेच राहिले. त्या महिन्यात लॉग साठवण्याचा खर्च मुख्य डेटाबेसच्या वर गेला. आणि टेस्टिंगचे सर्व्हर! आठवड्याचे तास १६८, आमची माणसं त्यावर काम करतात फार तर ५०. उरलेले ११८ तास यंत्रं कोणासाठी चालतात, असं मी विचारलं तेव्हा खोलीत शांतता पसरली. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. संध्याकाळी आपोआप बंद आणि सकाळी आपोआप चालू, एवढी सोय करायला आमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला दीड दिवस लागला. त्या एका ओळीचा खर्च सत्तर टक्क्यांनी उतरला.

यात पुरवठादाराचा दोष किती? सोय त्यांनी दिलेलीच होती. पण नवा सर्व्हर सुरू करायला तीन क्लिक लागतात आणि बेवारस डिस्क शोधायला दुसऱ्याच पानावर जाऊन दोन गाळण्या (फिल्टर) लावाव्या लागतात, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

म्हणून त्या ४६ स्लाइडमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोपऱ्यात बारीक अक्षरात होती : फोकस. क्लाउडच्या बिलांचा हा एक सामायिक नमुना आहे. क्लाउडच्या खर्चाच्या व्यवस्थापनावर काम करणाऱ्या फिनऑप्स फाउंडेशनने त्याची १.० आवृत्ती २०२४ मध्ये काढली आणि मोठे पुरवठादार आता त्या साच्यात बिलाची फाइल देतात. पूर्वी प्रत्येकाच्या बिलाची भाषा वेगळी असायची. एकाचा 'वापर' दुसऱ्याकडे भलत्याच नावाने यायचा. फोकसमध्ये छापील दराने खर्च किती, करारातल्या दराने किती, प्रत्यक्ष बिल किती लागलं आणि आगाऊ भरलेले पैसे महिन्यांवर पसरवून खरा खर्च किती पडला, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत येतं. वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण वर्षाची आगाऊ रक्कम जानेवारीत भरली की जानेवारी महाग आणि पुढचे अकरा महिने स्वस्त दिसतात, आणि मग कोणीतरी मीटिंगमध्ये 'खर्च कमी झाला' म्हणून पाठ थोपटून घेतो. तो प्रकार आमच्याकडे या साच्यामुळे थांबला. पुढच्या पाच वर्षांत क्लाउडमध्ये काय येणार असं मला कोणी विचारलं, तर आधी मी हेच सांगेन: बिलं वाचता यायला लागतील. स्लाइडवर त्याला अर्धी ओळ होती.

पहिल्या एकवीस स्लाइड अर्थातच एआयच्या होत्या.

आम्ही एआय वापरून पाहिलं आहे, त्यामुळे बोलते. माल मिळाल्याच्या सहीच्या पावत्यांचे फोटो येतात. वाकडे, ओले, अंगठ्याची सावली पडलेले. ते वाचून रकाने भरायचे होते. पुरवठादाराच्या सल्ल्याने आम्ही जीपीयू (एआयची गणितं झपाट्याने करणारी चिप) असलेलं यंत्र महिनाभर भाड्याने घेतलं. आधी ते मिळेना. कोटा वाढवून द्या असा अर्ज दोनदा नाकारला गेला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. मिळाल्यावर महिनाभराचा आलेख काढला तर यंत्र सरासरी चार टक्के वापरात होतं. पावत्या येतात दुपारी, दोन-तीन तास. बाकी वेळ ते महागडं यंत्र नुसतं गरम होत बसलेलं. दुसऱ्या महिन्यात यंत्र सोडलं आणि तयार मॉडेलला हाक मारून दर पावतीमागे पैसे द्यायला लागलो. काम तेच, खर्च आधीच्या नवव्या हिश्श्यावर. आमच्याएवढ्या धंद्याने जीपीयूच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ज्यांच्याकडे चोवीस तास काम आहे त्यांचं गणित वेगळं असेल.

त्याच स्लाइडमध्ये एक आलेख होता, 'क्लाउड दर वर्षी स्वस्त होत जातं' असं सांगणारा. आलेख सुरू होतो २००६ मध्ये, म्हणजे ॲमेझॉनने एस३ (डेटा साठवण्याची) आणि ईसी२ (सर्व्हर भाड्याने देण्याची) या सेवा आणल्या तेव्हापासून, आणि सुरुवातीच्या वर्षांत दर खरोखरच सारखे खाली येत होते. पण संपतो कुठे ते मी पाहिलं. अलीकडची वर्षं आलेखात नव्हतीच. दरम्यान २०२४ च्या फेब्रुवारीपासून ॲमेझॉनने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे (इंटरनेटवर यंत्र ओळखणाऱ्या क्रमांकाचे) तासावर पैसे घ्यायला सुरुवात केली; आधी वापरातल्या पत्त्याला काही पडत नसे. आणि वीज आहेच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल असा त्यांचा अंदाज आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये बंद पडलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करून तिची वीज वीस वर्षं घेण्याचा करार केला. ज्या धंद्याला कच्चा माल म्हणून अणुभट्टी लागते, तो मला दर वर्षी स्वस्तात सेवा देईल या भरवशावर मी तीन वर्षांचं अंदाजपत्रक मांडणार नाही.

एआयचं एक कौतुक मात्र करायलाच हवं. बिलाच्या पानावर आता चॅटमध्ये प्रश्न विचारता येतो. 'मे महिन्याचा खर्च का वाढला?' असं मी साध्या वाक्यात विचारलं आणि दहा सेकंदांत उत्तर आलं: अमुक सेवेचे लॉग, अमुक तारखेपासून. अगदी बरोबर. पूर्वी हे शोधायला माझी अर्धी दुपार जायची. फक्त प्रत्येक उत्तराच्या शेवटी तो चॅट मला दीर्घ मुदतीचा करार घ्यायला सुचवतो. विक्रेत्याचंच लेकरू शेवटी.

ज्या गोष्टीने आमचे पैसे सर्वांत शांतपणे वाचवले ती म्हणजे आर्म प्रोसेसर, नेहमीच्या इंटेल घराण्याहून वेगळ्या रचनेच्या चिप. ॲमेझॉनने ग्रॅव्हिटॉन २०१८ मध्ये आणला, मायक्रोसॉफ्टने कोबाल्ट २०२३ मध्ये, गूगलने ॲक्सियन २०२४ मध्ये; आता सगळेच स्वतःच्या चिप बनवतात आणि त्यांवरचे सर्व्हर सहसा स्वस्तात देतात. आमचे बहुतेक प्रोग्राम दोन दिवसांत तिकडे गेले. अडलं एका जुन्या लायब्ररीपाशी, म्हणजे प्रोग्रामच्या तयार तुकड्यापाशी. पावत्यांची पीडीएफ बनवणारी ती लायब्ररी आर्मवर चालेना, आणि तिला पर्याय शोधण्यात तीन आठवडे गेले. घोडं नेहमी अशाच ठिकाणी पेंड खातं. पण त्यानंतर सर्व्हरच्या तासांचा खर्च साधारण पाचव्या हिश्श्याने उतरला आणि ग्राहकांना काही कळलंसुद्धा नाही.

सर्व्हरलेसबद्दल, म्हणजे सर्व्हर न घेता प्रोग्राम चालेल तेवढ्याच वेळेचे पैसे देण्याबद्दल, थोडक्यात. ॲमेझॉनने लॅम्डा ही अशी सेवा २०१४ मध्ये आणली तेव्हापासून 'आता सर्व्हर विसरा' हे चालू आहे. आमचे महिनाअखेरचे अहवाल आम्ही त्यावर नेले. तीन दिवस चालतं, सत्तावीस दिवस शून्य बिल, झकास. गाड्यांचा ठावठिकाणा सतत येत राहतो, ते काम मात्र नेलं नाही, कारण अखंड चालणाऱ्या कामाला मीटर महाग पडतो. खुद्द ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका गटाने २०२३ मध्ये जाहीर लिहिलं होतं, की दर्जा तपासणारी यंत्रणा सुट्या सर्व्हरलेस तुकड्यांतून काढून एकसंध केल्यावर खर्च नव्वद टक्क्यांनी कमी झाला. बनवणारेच असं म्हणत असतील तर आपण लाजायचं कारण नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले ती. सादरीकरणात 'लवचिकता' या शब्दाखाली सेवा ९९.९९ टक्के वेळ चालू राहील असा आकडा होता. तीस दिवसांच्या महिन्यात मिनिटं ४३,२००. म्हणजे बंद राहायची मुभा सव्वाचार मिनिटं. गेल्या वर्षी आमची सेवा एका दुपारी दोन तास दहा मिनिटं बंद होती. भरपाई काय? ज्या एका सेवेत बिघाड झाला तिच्या त्या महिन्याच्या बिलाचा काही हिस्सा, पुढच्या बिलात वजा. तोही आपणहून मिळत नाही. बंद असल्याचे पुरावे जोडून अर्ज करावा लागतो. मी केला. मिळालेली रक्कम अर्ज लिहिण्याच्या माझ्या वेळेच्या किमतीपेक्षा कमी होती. आमच्या ग्राहकांनी कापून घेतलेल्या पैशांचं तर बोलायलाच नको.

बिघाड सगळ्यांकडे होतात. २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या एस३ चे काही तास गेले ते एका कर्मचाऱ्याने आज्ञा चुकीची टाइप केल्यामुळे, आणि सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं त्यांचं पानही एस३ वरच अवलंबून निघालं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांच्याच उत्तर व्हर्जिनियातल्या रिजनमध्ये (एका भागातल्या डेटा सेंटरांच्या समूहात) एका डेटाबेसच्या डीएनएसची (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची) नोंद स्वयंचलित यंत्रणेने रिकामी करून टाकली आणि जगभरची ॲप्स आडवी झाली. पण माझ्या डोक्यात बसलेलं उदाहरण २०२४ चं आहे. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद. त्यांचं गूगल क्लाउडवरचं अख्खं खासगी क्लाउड पुसलं गेलं. नंतर कारण कळलं: ते उभारताना एका आतल्या साधनात एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे एका वर्षाची मुदत आपोआप लागली, आणि मुदत संपल्यावर यंत्रणेने आपलं काम चोख केलं. रिकामा रकाना! हिशेबनीसाच्या पोटात गोळा येईल अशी गोष्ट. फंडाने दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या, त्यांचा सावरायला उपयोग झाला.

ते वाचल्यावर मी आमच्या सहकाऱ्याला विचारलं, "आपलं खातंच गेलं तर?" तो म्हणाला, "अहो मॅडम, रोज बॅकअप होतो." मी म्हटलं, कुठे? त्याच खात्यात. आणि बॅकअपला लावलेल्या कुलपाची, म्हणजे एन्क्रिप्शनची, किल्ली? तीही त्याच खात्यात.

मग आम्ही बॅकअपची एक प्रत खात्याबाहेर ठेवली आणि एका शनिवारी सकाळी दहाला रंगीत तालीम केली. आपलं खातं गेलं असं धरायचं आणि बाहेर ठेवलेल्या प्रतीवरून नव्या खात्यात, दुसऱ्या रिजनमध्ये सगळं उभं करायचं. मी मोबाइलवर घड्याळ लावून बसले. पहिला धक्का अकराच्या आत: सर्व्हरची तयार प्रतिमा (ज्यावरून नवा सर्व्हर उभा होतो तो साचा) जुन्या रिजनपुरतीच होती, नव्या ठिकाणी ती दिसेचना. ती पुन्हा बनवली. दुसरा धक्का: नवं खातं म्हणजे नवखा ग्राहक, त्याला मोजकेच सर्व्हर घेता येतात; मर्यादा वाढवायला तिकीट (मदतीची विनंती) टाकलं, उत्तराला तीन तास लागले. तिसरा धक्का सगळ्यात लाजिरवाणा. डोमेनच्या नोंदी बदलायला लॉगिन केलं तर कोड गेला रजेवर असलेल्या सहकारी मुलीच्या फोनवर, आणि ती विमानात. संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी पहिली पावती उघडली. सात तास चाळीस मिनिटं. ग्राहकांना आम्ही करारात लिहून दिलं आहे चार.

दुसरी तालीम तीन महिन्यांनी झाली. आता नवं खातं आधीच उघडून मर्यादा वाढवून ठेवलेलं आहे, किल्लीची प्रत तिसऱ्याच जागी आहे, आणि आणीबाणीचे कोड कागदावर लिहून माझ्या तिजोरीत. वेळ लागला दोन तास पाच मिनिटं. पुरवठादाराने यात मदत केली का? आधी नाही. तिकिटात 'तालीम' हा शब्द वापरल्यावर आमचं काम मागे पडलं. दुसऱ्या वेळी त्यांची एक इंजिनिअर बाई स्वतः कॉलवर बसली आणि प्रतिमा रिजनबाहेर कशी न्यायची ते तिने वीस मिनिटांत दाखवलं. सेवेला मी जे काही गुण देते आहे त्यातला एक निव्वळ तिच्यासाठी.

तर, त्या सादरीकरणातल्या ४६ स्लाइडमध्ये एकही स्लाइड बाहेर कसं पडायचं याची नव्हती. मी विचारलं. तो माणूस सज्जन होता, हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत्ताच जायचं बोलताय?" मी म्हटलं, घर भाड्याने घेताना दार आतून उघडतं का ते बघायला नको का?

या बाबतीत मात्र खरोखर काहीतरी बदलतं आहे. युरोपचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात पुरवठादार बदलायची नोटीस जास्तीत जास्त दोन महिन्यांची, आणि १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराचं शुल्क घ्यायलाच मनाई. त्याआधीच, २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचं सोडून जाणाऱ्यांना डेटा बाहेर नेण्याचे पैसे माफ केले. डेटा नेणं तसं सोपंच होतं म्हणा. आमच्या डेटाबेसची प्रत एका रात्रीत दुसरीकडे जाते. अडतं ते संदेशांच्या रांगा, परवानग्या, ओळखपत्रं, ठरावीक वेळी चालणारी कामं यांत, कारण ते सगळं पुरवठादाराच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेलं असतं. आमच्या सहकाऱ्याने मोजलं: अशा ३४ जागा. त्यातल्या १९ तो वर्षभरात खुल्या पर्यायांवर नेणार आहे, बाकीच्या १५ ठिकाणी आम्ही बांधील आहोत हे मान्य करून गप्प बसलो आहोत.

क्लाउड सोडून स्वतःचे सर्व्हर घ्यावेत का, हेही आमच्याकडे निघालं. ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये तसं जाहीर केलं, फाइली साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने त्याआधीच बराचसा साठा स्वतःकडे नेला होता. पण त्यांच्याकडे सर्व्हर जाणणारी माणसं आहेत. आमच्याकडे एक आहे, आणि त्यालाही रजा लागते.

सार्वभौम क्लाउडच्या (डेटा आपल्याच देशाच्या कायद्याखाली ठेवणाऱ्या) स्लाइड मी भरभर पुढे ढकलल्या. सरकारी कामं किंवा आजाऱ्यांची माहिती हाताळणाऱ्यांनी त्या नीट बघाव्यात. क्वांटम संगणकांपासून वाचवणाऱ्या कुलपांची मानकं २०२४ मध्ये ठरली आहेत आणि ती कुलपं पुरवठादाराने बसवायची आहेत. मी फक्त 'कधी?' असं लेखी विचारून ठेवलं आहे.

पाचपैकी साडेतीन. सेवा चालते, आर्मचे सर्व्हर उत्तम, बिलाची फाइल आता माणसाला वाचता येते. दीड गुण कापला तो भरपाईच्या अर्जासाठी आणि पहिल्या तालमीच्या दिवशी तीन तास पडून राहिलेल्या तिकिटासाठी.

करार तीन वर्षांचा केला नाही. एक वर्षाचा केला, आणि तोही रोज हमखास लागणाऱ्या कामाच्या साठ टक्क्यांपुरता. बाकीचं जसं लागेल तसं. सवलत थोडी कमी मिळाली. बाहेर पडण्याच्या अटींचं एक पान मी स्वतः टाइप करून जोडायला दिलं आहे. ते त्यांच्या कायदा विभागाकडे गेलं, त्याला आज एकोणीस दिवस झाले. दरम्यान सादरीकरणाची नवी आवृत्ती आली आहे. ५१ स्लाइड.